भरलंय का उतू चाललंय?

मी कोल्हापुरात राजारामपुरीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आमच्याकडं व्होकॅबच्या, म्हणजे शब्दसंग्रहाच्या, झेरॉक्स शीट असतात, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, एका पानावर पन्नास शब्द, आणि पोरं ती शीट एसटीत, मेसच्या रांगेत, लायब्ररीत घोकत असतात. त्या शीटवर 'प्लेथोरा' या शब्दासमोर 'भरपूर' असं लिहिलंय. मीच लिहिलंय ते. इतक्या वर्षांत किती पोरांनी ते तसंच पाठ केलं असेल, हे आठवलं की आता जिवाला लागतं.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात मी महापुरावर निबंध लिहायला दिला होता. शिरोळ तालुक्यातली एक मुलगी आहे, २०१९ च्या पुरात ती आठवीत होती, घरात छातीएवढं पाणी आलेलं, तिनं लिहिलं, 'वुई डिड नॉट आस्क फॉर धिस प्लेथोरा ऑफ वॉटर'. मी लाल पेननं त्या शब्दाला गोल केला आणि बाजूला लिहिलं की हा शब्द चांगल्या अर्थानं येतो, इथं नको. क्लास सुटल्यावर ती थांबली, मोबाईलवर डिक्शनरी उघडून आणलेली, आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ह्यात तर गरजेपेक्षा जास्त असं दिलंय. आमच्याकडं पाणी तसंच आलतं की." बघितलं तर खरंच पहिला अर्थ तोच होता, नको इतकं जास्त, आणि 'विपुल, भरपूर' हा अर्थ त्याच्या मागनं जोडलेला. तिचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. तसं तिला सांगितलं, गोल खोडला, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य डोक्यातनं जाईना.

रात्री वहिनीला सांगितलं. ती नर्स आहे, नवजात बाळांच्या वॉर्डात तिनं बरीच वर्षं काढलीत. भाकरी थापता थापताच म्हणाली, "अगं आमच्याकडं प्लेथोरिक बाळ म्हणत्यात की. रक्त लई झालेलं असतंय त्याला, लालबुंद दिसतंय. नातेवाईक काचेतनं बघत्यात आणि म्हणत्यात बाळ कसं टोमॅटोगत लाल हाय, आज्जी तर दृष्ट काढायला मागती, आणि आमचं ध्यान कुठं, तर ते दूध ओढतंय का नाही, हाक मारली तर हलतंय का सुस्त पडलंय, त्याच्याकडं."

मग तिनं नीट समजावून सांगितलं. बाळाच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण शंभरात पासष्टच्या वर गेलं की रक्त दाट होतं, काकवीसारखं सावकाश वाहायला लागतं, मेंदूला आणि बाकीच्या अवयवांना ते नीट पोचत नाही, काही बाळांना मग थोडं रक्त काढून तेवढंच सलाईन द्यावं लागतं. हिमॅटोक्रिट म्हणतात त्या आकड्याला. मी ऐकत राहिले. आपल्याकडं म्हणतात ना, सूज म्हणजे बाळसं नव्हे. इथं तर शब्दशः तेच होतं, काचेच्या अलीकडं उभ्या माणसांना जे बाळसं वाटत होतं ते काचेच्या पलीकडं सूज म्हणून लिहिलं जात होतं, आणि लिहायला वापरलेला शब्द होता प्लेथोरा, ज्याच्यासमोर मी बारा वर्षं 'भरपूर' लिहून ठेवलेलं.

शब्द मुळात वैद्यकीतलाच आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भरलेपणा. गेलनसारखे जुने वैद्य मानायचे की अंगात रक्त प्रमाणाबाहेर साठलं की माणूस आजारी पडतो, त्या अवस्थेला हे नाव होतं, आणि इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द आला तो ह्याच अर्थानं. उपाय ठरलेला, शीर उघडून रक्त काढायचं. आपल्याकडंही रक्तमोक्षण होतंच, जळवा लावायचे, न्हावी तुंबड्या लावायचे, 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण त्यातलीच. तिकडं तो उपाय इतका अंगवळणी पडला होता की १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजारानं अंथरुणाला खिळले तेव्हा डॉक्टरांनी दिवसभरात पुन्हा पुन्हा त्यांचं रक्त काढलं आणि त्याच रात्री ते गेले. म्हणजे जास्त आहे असं नुसतं समजून काढत सुटलं तरी माणूस जातो. पण माझ्या मुद्द्याला एवढं पुरे की हा शब्द जन्मला तोच रेषेवर, भरलेलं कुठं संपतं आणि उतू जाणं कुठं सुरू होतं त्या जागी.

आणि ती जागा काय असते हे कोल्हापूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे दोन आकडे इथं शाळकरी पोराला पाठ असतात. जुलैमध्ये सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न पंचगंगा किती फुटावर गेली. राधानगरी भरलं का, आणि भरलं म्हणून कळलं की किती आनंद होतो आपल्याला, वर्षाच्या पाण्याची चिंता मिटली, धरणाचे फोटो फिरतात. मग स्वयंचलित दरवाजे आहेत सात, धरण भरलं की ते आपोआप उघडायला लागतात, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, आणि पहिला उघडला तेव्हा लोक बघायला जातात, चौथा-पाचवा उघडला की नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं गाठोडी बांधायला घेतात. पाणी तेच, धरण तेच, पाऊसही तोच. पण 'भरलं' हा शब्द कुठंतरी मध्येच संपलेला असतो आणि दुसरा शब्द लागतो. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे शिरोलीजवळ बंद पडला, तेव्हा कुणी म्हणालं का की यंदा कोल्हापुरात भरपूर पाणी आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द शिकवताना त्याची पातळी शिकवायला पाहिजे. नुसता अर्थ सांगून भागत नाही. हा शब्द ३९ च्या खालचा आहे का ४३ च्या वरचा, हे त्या पोराला कळलं पाहिजे.

आता व्होकॅबच्या कुठल्याही गाईडमध्ये बघा, अबंडन्स, प्लेंटी, प्लेथोरा, सरफीट, ग्लट, एक्सेस, सरप्लस सगळे एका ओळीत एकमेकांचे समानार्थी म्हणून उभे केलेले असतात आणि समोर मराठीत एकच शब्द, भरपूर नाहीतर विपुल. प्लेंटी आणि अबंडन्स म्हणजे सुगीचं खळं, घरात धान्य आहे, पाहुणा आला तर चिंता नाही. सरफीट म्हणजे श्रीखंड खाऊन खाऊन वीट आलाय, आता वाटी समोर आली तरी नको वाटतंय. ग्लट बाजारातला, आणि त्याला उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. साखर गरजेपेक्षा जास्त झाली, गोदामं तुंबली, भाव कोसळला, कारखान्याकडं पैसा नाही आणि उसाचं बिल थकलं, हे इथल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी भोगलंय, त्याच्यासाठीच सरकारला २०१८ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला २९ रुपये ठरवायला लागली आणि पुढच्या वर्षी ती ३१ केली. ऊस चांगला आला हे प्लेंटी, आणि चांगला आल्यामुळंच बिल मिळालं नाही हे ग्लट. ज्या पोराचा बाप कारखान्याच्या गेटवर बिलासाठी उभा राहिलाय त्याला हा फरक एका मिनिटात कळतो, पण आपण तो सांगतच नाही, आपण म्हणतो भरपूर, पुढचा शब्द घे.

हवामान खातं बघा कसं बोलतं. सरासरीपेक्षा १९ टक्के वर-खाली पाऊस झाला तरी ते नॉर्मल म्हणतात, २० ते ५९ टक्के जास्त झाला तर एक्सेस, ६० च्या पुढं गेला तर लार्ज एक्सेस. महसूलवाल्यांची अतिवृष्टीसुद्धा मोजलेली असते, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढं पाऊस गेला की अतिवृष्टी. त्या एका 'अति'वर पंचनामा होणार का नाही, शेतकऱ्याला भरपाई मिळणार का नाही, हे ठरतं. शब्द सैल वापरला असता तर चाललं असतं का तिथं?

ह्यावर एक उत्तर मला लगेच मिळतं आणि ते खोटं नाही. भाषा बदलते, डिक्शनरीवाल्यांनीच प्लेथोराला 'भरपूर' हा अर्थ दिलाय, आज इंग्रजी पेपरवाले आणि मोठमोठे लेखक सर्रास त्या अर्थानं लिहितात, मग तुम्ही कोण अडवणार. मान्य आहे. मराठीत तर हे कितीदा झालंय. 'अतिशय' हा शब्द मुळात मर्यादा ओलांडण्याचाच, आज आपण अतिशय सुंदर म्हणतो आणि कुणाला त्यात काही ओलांडल्यासारखं वाटत नाही. 'प्रचंड' म्हणजे भयंकर उग्र, आज पोरं म्हणतात प्रचंड आवडलं. आणि आपलं कोल्हापुरी 'नाद खुळा' घ्या की, नाद इतका की माणूस खुळा झाला, म्हणजे सरळसरळ मर्यादा सुटल्याचं वर्णन, आणि आज गावभर ते शाबासकी म्हणून चालतं. मला ते आवडतं, मी स्वतः म्हणते. जास्तीचे शब्द सावकाश कौतुकाकडं घसरत जातात, सगळ्याच भाषांत तसं होत असावं, कारण माणसाला कौतुक करायचं असलं की साधा शब्द पुरत नाही आणि तो रेषेपलीकडचा शब्द उचलून आणतो.

पण एक गोष्ट बघा. 'अतिशय' घसरला तरी 'अति' घसरला नाही. अति झालं, अति करू नकोस, अति तिथं माती. अतिसार, अतिप्रसंग, अतिरेक, अतिक्रमण, सगळीकडं ते दोन अक्षरी 'अति' रेषेवर पाय रोवून उभं आहे. म्हणजे भाषेनं एक शब्द कौतुकाला दिला आणि दुसरा राखून ठेवला, कारण राखून ठेवल्याशिवाय चालतच नाही. कधीतरी म्हणावंच लागतं की बास, आता हे जास्त झालं. माझा विद्यार्थी प्लेथोरा चांगल्या अर्थानं वापरतो याचं मला दुःख नाही, पण त्याच्याकडं राखून ठेवलेला शब्द एकही नाही याचं आहे. सरफीट, ग्लट, एक्सेस सगळे त्याच्या डोक्यात 'भरपूर' याच एका खणात पडलेत. उद्या तो ऑफिसर होऊन पुराचा अहवाल लिहील तेव्हा त्याला दोन्ही पातळ्यांसाठी एकच शब्द सुचेल.

आणि हे फक्त इंग्रजीचं नाही. आपल्या मराठीतपण तेच चाललंय आणि ते मला जास्त टोचतं. व्हीनस कॉर्नरच्या आसपास, जिथं दोन्ही पुरात पाणी होतं, तिथंच मी गेल्या दिवाळीत बोर्ड बघितला, ऑफर्सचा महापूर. बातम्यांत वाचते निधीचा महापूर, कार्यक्रमांचा महापूर, चाहत्यांचा महापूर. मला माहितीय की लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हाताला सवयीनं शब्द येतो. पण ज्या गावात माणसांनी म्हशी दावणीतनं सोडून दिल्या आणि त्या वाहून जाताना बघितल्या, ज्या गावात अजून पाऊस सलग दोन दिवस पडला की म्हातारी माणसं गप्प होतात, तिथं महापूर हा शब्द सेलच्या बोर्डावर बघवत नाही. धबधबा म्हणा, रेलचेल म्हणा, लयलूट म्हणा, मराठीत काय कमी आहे का. मुबलक, उदंड, रग्गड, बक्कळ, चिक्कार, ढीगभर, मायंदाळ, आणि त्यातला एकेक वेगळ्या चवीचा. हे सगळे ३९ च्या खालचे, आनंदाचे. आणि वरचे वेगळे आहेत, बेसुमार, वारेमाप, फाजील, अतोनात, भरमसाठ, सुळसुळाट. घरात पाहुण्यांचा सुळसुळाट झाला असं कुणी आवडत्या पाहुण्यांबद्दल म्हणणार नाही. आपल्या आज्यांना हे न शिकता यायचं.

शब्दाची रेषा पुसली की जमिनीवरची रेषापण दिसेनाशी होते असं मला वाटतं, कुणाला हे ओढूनताणून वाटेल, पण मला खरंच वाटतं. नदीला निळी रेषा आहे, सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधायचं नाही. लाल रेषा आहे, १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर दोन्ही आखलेल्या आहेत. आणि तरी भराव पडतो, भिंत उठते, आणि आपण जाता-येता बघून म्हणतो शहर काय वाढलंय. ते वाढणं आहे का अतिक्रमण आहे, हे ठरवणारा शब्द तोंडात यायला पाहिजे होता. तो येत नाही कारण जास्त दिसलं की कौतुक करायची सवय लागलीय, काचेबाहेरच्या आज्जीसारखी.

उलटपण होतं. जे जास्त नाही त्याला जास्त म्हणायचं. सरप्लस हा शब्द आमच्या घरात मी त्याच रूपात पहिल्यांदा ऐकला. बाबा प्राथमिक शिक्षक होते, एका अनुदानित शाळेत, आणि एका वर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर मुलं कमी भरली म्हणून संचमान्यतेत, म्हणजे पटावरनं शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, ते सरप्लस ठरले. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागं एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागं एक, या हिशोबात ते बसले नाहीत. मराठीत कागदावर 'अतिरिक्त' असं आलं. आईला ते कळेना, ती विचारायची, म्हणजे तुमचं काय चुकलं? बाबा म्हणायचे काही चुकलं नाही, मी उरलो. एवढंच. नंतर समायोजन होऊन ते गगनबावड्याच्या बाजूला गेले, रोज दोन एसटी बदलून. पण 'मी उरलो' हे ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला अजून ऐकू येतो. साखर सरप्लस होते, दूध सरप्लस होतं, बजेटमध्ये पैसा सरप्लस राहिला तर चांगलंच. माणसाला तो शब्द लावताना त्याच्या आत काय मोडतं हे त्या आकड्यात येत नाही. ज्या वर्गातनं ते गेले त्या वर्गातल्या एकाही मुलाला सर जास्त झाले असं वाटलं नव्हतं, म्हणजे ती रेषा मुलांना विचारून आखलेली नव्हती. म्हणून रेषेपलीकडचा शब्द वापरायचा तर रेषा कुणी आखली, कशानं मोजली, हे विचारायलाच पाहिजे. नदीची पातळी बंधाऱ्यावर कुणीही जाऊन बघू शकतो. बाळाचं रक्त तपासून आकडा येतो. माणसाच्या बाबतीत मात्र नुसता कागद येतो.

ह्या वर्षीच्या शीटवर मी बदल करतेय. प्लेथोरासमोरचं 'भरपूर' खोडलंय, पण तिथं काय लिहायचं यावर आठवडा झाला अडकलेय. 'अतिरेक' लिहिलं तर तो वागण्याचा शब्द आहे, अतिरेक माणूस करतो, रक्ताचा अतिरेक म्हणत नाहीत. 'फाजील' मध्ये राग येतो. 'अतिरिक्त' मला लिहवत नाही, कारण वर सांगितलंय. सगळ्यात जवळचा वाटला तो 'उतणे'. दूध तापतं तेव्हा पातेलं भरलेलंच असतं, कुणी वरनं ओतत नाही, आणि तरी एका क्षणी ते काठ सोडतं. ग्रीकांचा भरलेपणा तोच असणार. आणि आपल्या कहाण्यांत शेवटी येतंच की, उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. उतणं आणि मातणं त्या बायकांनी शेजारी शेजारी ठेवलं होतं, त्यांना माहिती होतं एकातनं दुसरं येतं. सध्या मी पेन्सिलीनं 'उतू जाईल इतकं' असं लिहून ठेवलंय. शीटवर जागा कमी असते, एका शब्दात बसणारं काही तुमच्याकडं असेल तर सांगा, झेरॉक्सला सोमवारी टाकायचंय.